स्त्रीकंठाची वर्गवारी

गिरगावच्या उत्तर टोकाला, चर्नी रोड स्थानकापासून हाकेच्या अंतरावर, मॉरिस बँडमन हा कलकत्त्याकडील नाट्यव्यवसायी आणि जहांगीर फ्रामजी कराका हे कोळशाचे पारशी दलाल या दोघांनी मिळून जे भव्य नाट्यगृह बांधावयास घेतले, आणि ज्याचे उद्घाटन बांधकाम अपुरे असतानाच १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाने केले, त्या रॉयल ऑपेरा हाउसने आसपासच्या साऱ्या वस्तीला आपले नाव बहाल केले; परंतु ज्या कलाप्रकाराचे ते नाव, त्याचा स्वर त्या वास्तूत क्वचितच घुमला. तेथे मूकपट आले, बोलपट आले, बालगंधर्व व मास्टर दीनानाथ यांची संगीत नाटके झाली, पृथ्वीराज कपूर यांची नाटके झाली, १९९३ साली दरवाजाला कुलूप लागले, आणि २०१६ च्या ऑक्टोबरात ते निघाले तेव्हा मुंबईतच जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ यांचे गायन होऊन नावाचे ऋण काही अंशी फिटले. रोझारिओ यांच्या नावापुढे जगभर 'सोप्रानो' ही उपाधी एखाद्या सरकारी हुद्द्यासारखी लागते. याच गिरगावच्या, खेतवाडीच्या आणि ग्रँट रोडच्या परिसरात शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थानातील नामांकित गायिकांचा वावर होता. पण केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, अंजनीबाई मालपेकर यांच्यापैकी कोणाच्याही नावामागे वा पुढे तिच्या गळ्याची जात सांगणारी उपाधी कधी लागली नाही. घराणे सांगितले गेले, गुरू सांगितला गेला, गाव तर आडनावातच आले. गळ्याची प्रतवारी मात्र निराळ्याच मार्गाने झाली, आणि तो मार्ग पाहावयाचा तर आधी युरोपात ती कशी झाली हे थोडक्यात पाहणे प्राप्त आहे.

युरोपातील या नामकरणाची हकीकत जितकी शास्त्राची तितकीच कारकुनीची आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोपच्या मुलखात स्त्रियांना रंगभूमीची मनाई झाली, आणि वरच्या स्वरांचे गायन बालपणीच शस्त्रक्रिया करून ज्यांचा कंठ फुटू दिला नाही अशा पुरुषांकडे, म्हणजे कास्त्रातींकडे गेले. मनाई नसलेल्या शहरांतही नायकाच्या भूमिका त्यांनीच गाजविल्या. त्या काळी सोप्रानो हे उंच स्वराचे नाव होते, स्त्रीचे नव्हते. पुढे कास्त्रातींची परंपरा क्षीण झाली तेव्हा त्यांचे वीरनायक ढाल्या स्वराच्या स्त्रियांनी, म्हणजे काँत्राल्तोंनी वारसाहक्काने घेतले. रोसिनीच्या १८१३ च्या 'तांक्रेदी'तील योद्धा आदेलाइद मालानोत्ते या बाईने रंगविला, आणि १८१६ च्या 'सेव्हिलच्या न्हाव्या'तील चतुर रोझीनादेखील मुळात अशाच खालच्या गळ्यासाठी लिहिली गेली होती. पुढच्या पिढ्यांतील सोप्रानोंनी ती भूमिका स्वर चढवून आपल्याकडे ओढून घेतली आणि शंभर वर्षांची वहिवाट असल्याप्रमाणे सांभाळली.

मेझो-सोप्रानो ही मधली पायरी स्वतंत्र म्हणून रूढ झाली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. आणि त्याच शतकात पॅरिसने एक विलक्षण प्रघात पाडला, तो म्हणजे गळ्याच्या प्रकाराला प्रत्यक्ष गायिकेचे नाव देण्याचा. कॉर्नेली फाल्कों ही १८१४ साली जन्मलेली गायिका १८३२ त पॅरिसच्या रंगभूमीवर आली, १८३५ त 'ला ज्युइव्ह'मधील राशेल आणि १८३६ त 'ह्युगनो'मधील व्हालांतीन या भूमिका तिने अजरामर केल्या, आणि १८३७ त, वयाच्या तेविसाव्या वर्षी, भर प्रयोगात तिचा आवाज फुटला तो पुन्हा पूर्ववत् झाला नाही. जेमतेम पाच वर्षांची कारकीर्द. परंतु मेझोचा भरदारपणा आणि सोप्रानोची उंची ज्या गळ्यात एकत्र येते त्याला फ्रेंच लोक आजही 'फाल्कों' म्हणतात. तिच्या आधीच्या दुगाझोंचे नाव, तिच्या नंतरच्या, पहिली कार्मेन गाणाऱ्या गाली-मारिएचे नाव, असेच जातिवाचक झाले. या गोष्टीकडे मी काहीशा आश्चर्याने पाहतो, कारण जो गळा अपवादात्मक म्हणून नावाजला गेला त्याचाच वर्ग करून त्यात पुढच्या मुलींना बसविणे हे तर्काला धरून नाही. आणि ज्या मध्यवर्ती गळ्याला उंच भूमिकांचा भार सोसला नसावा, त्याच्या भग्नतेचीच जणू ती सनद झाली.

शास्त्र आले ते यानंतर. मान्युएल गार्सिया या गायनगुरूने १८५४ साली दंतवैद्याचा चिमुकला आरसा घशात धरून आणि दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडून स्वतःच्या स्वररज्जू हलताना पाहिल्या. त्याच्या दोन्ही बहिणी, मारिया मालिब्रान व पोलीन व्हियार्दो, युरोपभर गाजलेल्या गायिका, आणि गंमत अशी की त्या दोघींपैकी एकीचाही गळा कोणत्याच एका खात्यात नीट जमा करता येण्यासारखा नव्हता. जर्मनीतील नगरनाट्यगृहांनी मात्र हे खातेवारीचे काम कसोशीने केले. तेथे गायिकेला वर्षभराच्या करारावर ठेवीत आणि करारनाम्यात तिचा वर्ग नमूद करीत: अमुक भूमिका तिच्या वर्गातल्या, तमुक नव्हेत, आणि वर्गाबाहेरची भूमिका तिच्यावर लादू नये. लिरिक, ड्रॅमॅटिक, कलरतुरा, सुब्रेट अशी उपखाती पडली, आणि रुडॉल्फ क्लॉयबर याने १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या ऑपेरा-मार्गदर्शिकेत भूमिकाभूमिकांची ही वर्गवारी छापून आली. तत्पूर्वी दोनच वर्षे, १९४९ च्या जानेवारीत, व्हेनिसला मारिया कालास हिने वाग्नरची रणरागिणी ब्रुनहिल्ड आणि लगोलग बेलिनीची तानांनी मढलेली एल्विरा, अशा दोन टोकांच्या दोन भूमिका काही दिवसांच्या अंतराने गाऊन त्या सगळ्या दप्तराची अब्रू घेतली होती; पण दप्तरे अशा एका बंडाने मोडत नसतात.

हे दप्तर युरोपाला का लागले याचे कारण उघड आहे. तेथे रचनाकार स्वर कागदावर लिहून ठेवतो आणि वाद्यवृंद तो स्वर हलू देत नाही. इतकेच नव्हे, तर त्या स्वराची कंपनसंख्यादेखील तेथे राजाज्ञेने ठरली. नाट्यगृहानाट्यगृहांच्या चढाओढीत वाद्यांची पट्टी चढत चालली आणि गायिकांचे गळे ताणले जाऊ लागले, तेव्हा फ्रान्सने समिती नेमली, तीत रोसिनी आणि बेर्लियोझ यांच्यासारखे सभासद घेतले, आणि १८५९ साली मूळ स्वराची सेकंदाला ४३५ कंपने हुकमाने कायम केली. स्वर अचल, भूमिका अचल, म्हणून गळा शोधावयाचा तो त्या मापाचा. ऑपेरातील भूमिका हा शिवून तयार ठेवलेला अंगरखा आहे, आणि आमची चीज हे नऊवारी लुगडे आहे. नेसणारी जशी असेल तसे ते तिच्या अंगाला बसते. आमच्याकडे षड्ज गायकाचा असतो, रचनेचा नसतो. गाणारीने आपल्या गळ्याला मानवेल तेथे सा धरावा, तंबोरा त्याला मिळवावा, आणि मग यमन हा यमनच राहतो.

म्हणून आमच्या पूर्वसूरींनी आवाजाची वर्गवारी केलीच नाही असे मात्र नाही. ती त्यांनी उंचीवर केली नाही, गुणावर केली. देवगिरीच्या यादवांच्या पदरी, सिंघणाच्या अमदानीत, काश्मीरहून आलेल्या घराण्यातील शार्ङ्गदेव याने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' रचला, त्यात आवाजाचे चार प्रकार सांगितले आहेत: कफप्रधान तो खाहुल, स्निग्ध व मधुर, पित्तप्रधान तो नाराट, गंभीर व तिन्ही स्थानांत घुमणारा, वातप्रधान तो बोम्बक, आतून पोकळ व रूक्ष, आणि तिन्हींच्या संयोगाने होणारा मिश्रक. वैद्याने नाडी पाहावी तशी ही आवाजाची परीक्षा आहे, आणि तीत स्त्री कोणती व पुरुष कोणता हा प्रश्न मुळी उपस्थितच होत नाही. भरताने नाट्यशास्त्रात गायन हे स्वभावतः स्त्रियांना आणि पाठ्य हे पुरुषांना शोभते असे म्हटले खरे, पण उर, कंठ आणि शिर ही आवाजाची तीन स्थाने त्याने सर्वांना सारखीच दिली. महाराष्ट्राच्या भूमीवर लिहिला गेलेला एवढा थोर ग्रंथ गिरगावच्या गाणाऱ्या बायकांपर्यंत पोचला नाही, हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्यांच्या उस्तादांनी आवाजाची पारख केली ती कानाने, आणि बोलले ते विशेषणांनी: आवाज भरदार, पल्लेदार, गोल, जवारीदार, किनरा, चिरका, बसका. बैठकीतला जाणकार एवढ्या शब्दांवर समोरच्या गायिकेची संपूर्ण कैफियत मांडू शकत असे.

या विशेषणांच्या राज्यात एक मोठी अडचण उत्पन्न केली ती रंगभूमीने. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने मराठी संगीत नाटकाचा जन्म झाला तेव्हा, आणि त्यानंतर सुमारे अर्धशतक, प्रतिष्ठित मंडळ्यांतून स्त्रीची भूमिका करणारा पुरुषच असे. भाऊराव कोल्हटकरांनी शकुंतला व सुभद्रा गाऊन जो कान तयार केला, त्याच कानाने पुढे १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेल्या नारायण श्रीपाद राजहंस यांचे, म्हणजे बालगंधर्वांचे स्वागत केले. १२ मार्च १९११ रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात खाडिलकरांच्या 'मानापमाना'चा पहिला प्रयोग झाला, गोविंदराव टेंबे यांच्या चाली आणि बालगंधर्वांची भामिनी. त्याच दिवशी त्यांचे तान्हे मूल गेले होते आणि तरीही ते उभे राहिले, ही हकीकत गिरगावात पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली. कादरबक्षांची सारंगी, अहमदजान थिरकवांचा तबला आणि ऑर्गन यांच्या साथीत त्या पुरुषकंठाने जे स्त्रीसौष्ठव उभे केले, त्यापुढे प्रत्यक्ष स्त्रीचा आवाज प्रेक्षकाला काही काळ अपुरा वाटावा, हे समजण्यासारखे आहे. रोमच्या प्रेक्षकाला कास्त्रातीनंतर असेच वाटले असेल. दोन्हींकडे कारण एकच, स्त्रीला रंगमंचाची बंदी. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की आमच्याकडे गळा सुरीने घडविला गेला नाही. बालगंधर्व पुरुषाच्याच आवाजात गात आणि लोक तो स्त्रीचा म्हणून ऐकत.

याचा कळस ८ जुलै १९२१ रोजी झाला. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झाले, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. केशवरावांचा गळा टिपेचा, तडफदार. बालगंधर्वांचा लोचदार, आर्जवी. त्या रात्री नायक वर आणि नायिका त्याच्या खालच्या अंगाने गात असताना कोणाही प्रेक्षकाला नायकनायिकेच्या आवाजाची अदलाबदल झाल्याचे जाणवले नाही, कारण स्त्रीत्व स्वराच्या उंचीत असते ही समजूतच मुळी त्या प्रेक्षकांत नव्हती. केशवराव त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात निवर्तले. पुढे बालगंधर्वांच्या नाटकांत गोहरबाई कर्नाटकी आल्या, त्यांनी बालगंधर्वांची गाणी इतकी हुबेहूब उचलली होती की स्त्रीची नक्कल करणाऱ्या पुरुषाची नक्कल एक स्त्री करीत आहे असा चमत्कारिक देखावा मराठी प्रेक्षकांनी पाहिला, आणि त्यात काही विचित्र आहे असे फारसे कोणी मानले नाही.

उंचीचा प्रश्न आला तो पेटीबरोबर. पॅरिसला दबें याने १८४२ साली ज्याचे पेटंट घेतले, त्या हार्मोनियमने मराठी रंगभूमी काबीज केली आणि बैठकीतही सारंगीच्या शेजारी जागा मिळविली, तेव्हा गायकाच्या षड्जाला प्रथमच एक ठावठिकाणा मिळाला. पेटीवरच्या एका सप्तकात काळ्या पट्ट्या पाच आणि पांढऱ्या सात, त्यांना अनुक्रमांक देऊन 'काळी एक', 'काळी चार', 'पांढरी पाच' असे म्हणण्याचा प्रघात पडला, आणि साथीदाराने मैफलीआधी विचारावयाचा पहिला प्रश्न "कोणती पट्टी?" हा झाला. पुरुष बहुधा काळी एकच्या आसपास, काळी दोनपर्यंत. स्त्रिया बहुधा काळी चार वा काळी पाच, कोणी पांढरी पाच वा सहा. काळी एकचा जो पंचम तोच काळी चारचा षड्ज, म्हणजे पुरुष आणि स्त्री यांच्यात सर्वसाधारणपणे एका पंचमाचे अंतर आहे, हे पेटीने प्रत्यक्ष बोट ठेवून दाखविले. सोप्रानो-काँत्राल्तोच्या तोलाची वर्गवारी मराठी समाजाला मिळाली ती एवढीच, आणि माझ्या मते ती पुरेशी व अधिक प्रामाणिकही आहे. कारण काळी चार हे गायिकेचे सध्याचे बिऱ्हाड आहे, तिची जन्माची जात नव्हे. वय झाले की ती काळी तीनवर उतरते, आणि त्यात तिची कोणतीही भूमिका तिच्याकडून काढून घेतली जात नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीला आपल्या दालनातून हद्दपार केले, ती बंदी तीस वर्षे टिकली. पण पेटी गेली तरी रेडिओवर गाणारी बाई आपली पट्टी काळी चारच सांगत राहिली.

येथे एक सावधगिरीची सूचना जाता जाता केली पाहिजे. जुन्या पेट्या एकसारख्या मिळविलेल्या नसत, आणि जुन्या तबकड्या मिनिटाला ठराविक फेऱ्यांनी फिरत असल्या तरी ध्वनिमुद्रण त्याच वेगाने झाले होते याची हमी नसे. तेव्हा तबकडीवर ऐकू येणारी पट्टी हीच त्या गायिकेची पट्टी असे ठामपणे सांगणाऱ्या रसिकाचे म्हणणे थोडे हातचे राखून घ्यावे. एक योगायोग मात्र निश्चित आहे. रोममध्ये सिस्टिन गायकवृंदातील आलेस्सांद्रो मोरेस्की या अखेरच्या कास्त्रातीचा आवाज ग्रामोफोन कंपनीने १९०२ साली मुद्रित केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच कंपनीने कलकत्त्यात गौहरजानचा आवाज मुद्रित केला. म्हणजे युरोपातील पुरुषाच्या उसन्या स्त्रीकंठाची अखेर आणि हिंदुस्थानातील स्त्रीच्या स्वतःच्या कंठाची तबकडीवरील सुरुवात यांच्यात वर्षाचेही अंतर नाही.

गोमंतकातील देवळांच्या आश्रयातून मुंबईस आलेल्या गायिकांची स्थिती या सर्वांत गुंतागुंतीची होती. त्यांचे गुरू पुरुष, त्यांनी गळ्यावर चढविलेली गायकी पुरुषाची. अल्लादियाखाँसाहेबांचा मूळचा आवाज ऐन उमेदीत गेला, आणि उरलेल्या आवाजात बसेल अशी वक्र, बळकट, श्वासावर उभारलेली गायकी त्यांनी नव्याने घडविली, हे सर्वश्रुत आहे. ती गायकी ज्यांच्या कंठात खरी फळाला आली त्यांत केसरबाई आणि मोगूबाई या दोन स्त्रिया अग्रभागी याव्यात, हे गायनाच्या इतिहासातील एक नवल आहे. केसरबाईंचा आवाज ऐकावा: रुंद, मोकळा आकार, खर्जापासून तारापर्यंत एकाच जाडीचा, कोठेही नाजूकपणाची सवलत न मागणारा. युरोपीय परीक्षकाने त्याला कोणत्या खात्यात घातले असते याचा अंदाज करण्यात अर्थ नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात धाडलेल्या तबकडीवर त्यांचा आवाज गेला तोही कोणत्याही हुद्द्याविना. अल्लादियाखाँ १९२० नंतर मुंबईत स्थायिक झाले आणि १९४६ पर्यंत येथेच होते. एका पुरुषाच्या भग्न आवाजातून निघालेली आणि दोन स्त्रियांच्या अभंग आवाजांत स्थिरावलेली ही परंपरा मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांच्यापर्यंत आली. किशोरीबाईंचाही आवाज मधल्या काळात गेला होता, आणि परत आल्यावर त्यांनीही गायकीची मांडणी बदलली.

किराणा घराण्यात याच्या उलट घडले. अब्दुल करीमखाँ स्वतः उंच, बारीक, करुण स्वरात गात; त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा गळा त्याच वळणाचा, निर्मळ आणि शांत. तिकीट लावून जाहीर मैफली करणे, आणि १९२९ च्या सुमारास स्वतःची नाट्यशाखा काढून स्त्रीच्या भूमिका स्त्रियांकडून करविणे, हे हिराबाईंनी इतक्या सोज्ज्वळपणे केले की विरोधकांना तोंड उघडावयास जागा उरली नाही. मुंबईत हे काम १ जुलै १९३३ रोजी पुरे झाले: 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' आणली, आणि केशवराव भोळे यांच्या संगीतात ज्योत्स्नाबाई भोळे गायिल्या. तो आवाज गंधर्वपरंपरेतला नव्हता, बैठकीतलाही नव्हता. घरात बोलणाऱ्या सुशिक्षित मुलीचा होता. याच दशकात हिज मास्टर्स व्हॉइसने 'गांधारी हनगल' या नावाने एका तरुण मुलीच्या तबकड्या काढल्या, आवाज तीक्ष्ण, पातळ, चढा. पुढे घशावर शस्त्रक्रिया झाली, आवाज उतरला, जाड झाला, आणि त्या गंगूबाई हनगल झाल्या. रेडिओवर ऐकणारे हे कोणी बुवा असावेत असे समजत. जर्मन नाट्यगृहात असती तर अशा बाईचा करार त्या वर्षी संपला असता. येथे तिने पट्टी बदलली, आणि नंतर कित्येक दशके ती गाइली.

ऑपेरा हाउसच्या छायेतच १९२५ साली बी. आर. देवधर यांनी आपली संगीतशाळा काढली. विष्णु दिगंबरांचे शिष्य असून पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास करणारे आणि आवाजसाधनेचा शास्त्रदृष्टीने विचार करणारे देवधर हे या विषयातले, दोन्ही तीर पाहिलेले, मराठीतले विरळा गृहस्थ. गार्सियाच्या आरशाचा वारसा गिरगावात आला असेल तर तो त्यांच्यामार्फत. परंतु त्यांनीही विद्यार्थ्याचा गळा निरोगी कसा राहील हे पाहिले, त्याला जात लावण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत.

गिरगावातून परळ-लालबागेकडे वळले की आवाजाचे अर्थशास्त्रच बदलते. सातारा, कोल्हापूर, कोकण येथून गिरण्यांत आलेल्या कामगारांसाठी लालबागच्या हनुमान थिएटरसारख्या जागी तमाशे लागत, आणि ढोलकीच्या कडकडाटातून, सुरत्यांच्या 'जी जी'तून, ध्वनिवर्धकाविना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवावयाचा तर आवाज टिपेचा आणि फेकीचा हवाच. फडाच्या लावणीचा हा आवाज ज्यांनी ऐकला त्यांनी बैठकीच्या लावणीतील यमुनाबाई वाईकर किंवा सत्यभामाबाई पंढरपूरकर यांची खालच्या स्वरातली, शब्दाशब्दाला थांबणारी अदा ऐकली म्हणजे कळते की एकाच गीतप्रकाराने दोन गळे घडविले, आणि त्यांना घडविणारी गोष्ट प्रकृती नव्हे, तर श्रोता किती हातांवर बसला आहे ही होती. सुलोचना चव्हाण तिसऱ्याच: गिरगावच्या फणसवाडीत जन्मलेल्या, चित्रपटाच्या ध्वनिवर्धकासमोर घडलेल्या, डोक्यावर पदर घेऊन एका जागी उभे राहून गाणाऱ्या. लावणीचा ठसका सगळा गळ्यात गोळा झाला, आणि अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटले.

ध्वनिवर्धकाने जे स्वातंत्र्य दिले, ते चित्रपटाच्या वाद्यवृंदाने निम्मे परत घेतले. दादरला रणजितसारखे कारखाने उभे राहिले, गोमंतकीय ख्रिस्ती वादक नोटेशनचे कागद पुढे ठेवून बसू लागले, आणि पहिल्यानेच हिंदुस्थानी गायिकेसमोर युरोपीय परिस्थिती निर्माण झाली: स्वर कागदावर ठरला, व्हायोलिनांचा ताफा त्या पट्टीला बसला, आता गळ्याने तेथे यावे. १९४८ साली 'शहीद'साठी गुलाम हैदर यांनी लता मंगेशकर यांचे नाव सुचविले तेव्हा निर्माते शशधर मुखर्जी यांनी आवाज पातळ म्हणून तो नाकारला. शमशाद बेगम, नूरजहाँ यांच्या जाड, खुल्या आवाजांना सरावलेल्या कानांचा तो निवाडा होता. पुढल्या एकदोन वर्षांत तोच पातळपणा देशाचे मानक ठरला, इतका, की पुढच्या तीन दशकांत खालच्या स्वराच्या मुलीला चित्रपटात कोणी नायिकेचे गाणे देईना. युगुलगीताने या उंचीला आणखी रेटा दिला. दोघांना षड्ज एकच, तो पुरुषाला सोयीचा, आणि स्त्रीने त्यावर एक सप्तक चढून गावयाचे. युरोपात तीन शतकांनी ज्या अनेक खात्यांची सोय केली होती, ती सगळी बाजूला सारून आमच्या चित्रपटाने स्त्रीकंठाचे एकच खाते ठेवले, आणि माझ्या मते विसाव्या शतकातील मराठी व हिंदी गायनाचे सर्वांत मोठे नुकसान ते हेच.

बैठकीच्या संगीताने मात्र या अंतरावर आपला तोडगा काढला. पुरुषाचा सा काळी दोन आणि स्त्रीचा काळी चार असेल तर पुरुषाचा मध्यम हा स्त्रीचा षड्ज होतो आणि स्त्रीचा पंचम हा पुरुषाचा षड्ज; या मूर्च्छनेच्या हिशेबावर पंडित जसराज यांनी स्त्रीपुरुषांची अशी जुगलबंदी बांधली की दोघेही आपापल्या पट्टीत, दोन वेगळे राग, एकाच वेळी गातात आणि कोणालाही दुसऱ्याच्या घरी जावे लागत नाही. 'जसरंगी' हे तिचे नाव.

वाद्यांच्या दुकानांत या सगळ्या इतिहासाचा जमाखर्च अधिक रोकठोकपणे मांडलेला असतो. दादरला हरिभाऊ विश्वनाथ यांच्यासारख्या जुन्या पेढीवर, किंवा मिरजेच्या सतारमेकरांकडे, तंबोरा मागितला तर मर्दानी हवा की जनानी एवढाच प्रश्न येतो. मर्दानीचा भोपळा मोठा, जनानीचा लहान. तबल्याचा हिशेब नेमका उलटा. काळी एकच्या पुरुषासाठी तबला त्याच्या तार षड्जाला मिळवावयाचा, म्हणून तोंड लहान, पाच-सव्वापाच इंचांचे, स्वर टिपेचा. काळी चारच्या बाईसाठी तो तिच्या मध्य षड्जालाच मिळतो, म्हणून तोंड सहा इंचांच्या घरातले आणि स्वर ढाला. नव्याने साथीला बसणारा मुलगा बाईंची पट्टी उंच म्हणून लहान तोंडाचा तबला उचलतो, आणि जुना साथीदार तो त्याच्या हातून काढून घेऊन मोठ्या तोंडाचा पुढे सरकवतो.